नळाची चावी : कोथरूडच्या एका सोसायटीतलं कचऱ्याचं प्रकरण

२०२१च्या जुलैमध्ये आमच्या सोसायटीच्या फलकावर एक नोटीस लागली. ‘पुढील महिन्यापासून कचरा उचलण्याची नवीन व्यवस्था करण्यात येत आहे. दरमहा प्रति सदनिका ४० रुपये. सध्या कचरा नेणाऱ्या महिलांना तशी कल्पना देण्यात यावी.’ खाली सचिवांची सही आणि शिक्का. कल्पना कुणी द्यायची, याबद्दल एक अक्षर नव्हतं. ती नोटीस सगळ्यांत आधी त्या दोघींनीच पाहिली, कारण रोज सकाळी साडेसातला त्यांची ढकलगाडी फलकाजवळूनच आत येते. मोठ्या मावशींना वाचता येत नाही. सुनेने वाचून दाखवलं.

तिथून पुढच्या तीन महिन्यांत जे घडलं ते इथे सविस्तर लिहिते आहे. मी त्यात तटस्थ नव्हते, हे आधीच सांगते. सोसायटीचं आणि माणसांचं नाव देत नाही, कारण ही सगळी मंडळी आजही एकाच जिन्यावर रोज समोरासमोर येतात. पण प्रकरणाची नोंद राहायला हवी. अशा नोटिसा पुण्यात खूप ठिकाणी लागतात. बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी गाडी येत नाही आणि विषय तिथेच मिटतो.

जागा

सोसायटी पौड रस्त्यापासून थोडी आत. चार इमारती, ९७ सदनिका, १९९४ सालचं बांधकाम. पन्नाशीच्या पुढचे कोथरूडकर अजूनही ‘कचरा डेपोचा स्टॉप’ म्हणतात, कारण शहराचा कचरा एके काळी आमच्याच भागात येऊन पडायचा. वस्ती वाढली, वास सोसेना, लोकांनी आवाज उठवला आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तो डेपो बंद झाला. आज त्या जागेवर मेट्रोचा वनाजचा डेपो आहे. कचरा मात्र कुठे नाहीसा झाला नाही. तो शहराच्या दुसऱ्या टोकाला, उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या शिवारात पडत राहिला. तिथल्या विहिरींचं पाणी पिण्याजोगं राहिलं नाही, माणसांना टँकरवर दिवस काढावे लागले. २०१७च्या एप्रिलमध्ये डेपोला आग लागली तेव्हा ग्रामस्थांनी पुण्याच्या गाड्या अडवल्या आणि शहराचा कचरा तीन आठवड्यांहून जास्त तुंबला. त्या उन्हाळ्यात आमच्या फाटकाजवळ जो वास होता तो आम्हाला तीन आठवडे सहन झाला नाही. फुरसुंगीकरांनी तो कित्येक वर्षं काढला.

हे सुरुवातीलाच सांगण्याचं कारण आहे. सभेत पुढे एका गृहस्थांनी विचारलं, ‘आपल्या गेटबाहेर गेला की कचऱ्याचं काय होतं याच्याशी आपला संबंध काय?’ प्रश्न प्रामाणिक होता. कोथरूडच्या माणसाने तो विचारावा याचं मात्र मला वाईट वाटलं.

दोघी

मोठ्या मावशी मूळच्या मराठवाड्यातल्या. बहात्तरच्या दुष्काळात आईच्या कडेवरून पुण्यात आल्या. आई उकिरड्यावर कागद वेचायची, मग त्याही. ‘तवा पोलीस दिसला की पोतं टाकून पळायचं. चोरीचा आळ यायचा, ताई. हातात रिकामी बाटली असली तरी.’ आता त्यांच्या गळ्यात ओळखपत्र असतं. ते कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीचं आहे.

पंचायतीची गोष्ट पुण्यात राहूनही पुष्कळांना ठाऊक नसते. एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या पुण्यातल्या प्रौढ शिक्षण विभागाचं काम वस्त्यांमध्ये चाललं होतं. त्यातून पूर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण यांची कचरा वेचणाऱ्या बायकामुलींशी गाठ पडली. या बायका बहुतेक दलित समाजातल्या, पुष्कळशा घरच्या एकट्या कमावत्या. त्याच सुमारास एका उद्योजकाने घरोघरचा कचरा गोळा करण्याची सेवा काढली, आणि वेचणाऱ्यांच्या हातचा माल जायला लागला. बायका रस्त्यावर उतरल्या. १९९३च्या मे महिन्यात त्यांचं अधिवेशन झालं आणि डॉ. बाबा आढावांच्या अध्यक्षतेखाली पंचायत उभी राहिली. हमाल पंचायतीचे बाबा म्हणजे हातावर पोट असणाऱ्याला संघटना, कागद आणि स्वाभिमान या तिन्ही गोष्टी मिळाव्यात म्हणून आयुष्यभर झटलेला माणूस. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर महापालिकेने या ओळखपत्रांना मान्यता दिली. पुढे २००८ साली याच बायकांच्या ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेबरोबर महापालिकेने करार केला, आणि दारोदार जाऊन कचरा घेण्याचं काम रीतसर त्यांच्याकडे आलं. आज साडेतीन-चार हजार माणसं हे काम करतात, त्यांत बहुसंख्य बाया.

व्यवस्था समजायला सोपी आहे. महापालिका यांना पगार देत नाही. घरटी ठरलेलं शुल्क हे त्यांचं उत्पन्न, आणि सुक्या कचऱ्यातला विकण्याजोगा माल हे दुसरं. दोन्ही मिळून घर चालतं. एक काढून घेतलं की दुसऱ्यावर भागत नाही. सगळं प्रकरण याच एका गोष्टीवर फिरलं.

आमच्याकडे तेव्हा घरटी ७० रुपये होते. ९७ घरांचे ६,७९० रुपये, दोघींत वाटून. शेजारच्या दोन इमारती आणि बंगल्यांची एक गल्ली त्याच करायच्या. कंत्राटदार ४० रुपयांत तयार होता, म्हणजे सोसायटीचे महिन्याला २,९१० रुपये वाचणार होते. घरटी ३० रुपये. पण त्याला ४० रुपये परवडत कसे होते, हा प्रश्न समितीने विचारलाच नाही. उत्तर त्याच्या प्रस्तावाच्या दुसऱ्या पानावर होतं : ‘सर्व सुका कचरा सेवा पुरवठादाराच्या मालकीचा राहील.’

शहरातली वेळही तशीच होती. ‘स्वच्छ’चा महापालिकेशी असलेला करार २०२०च्या अखेरीस संपला होता आणि पुढचे महिने तात्पुरत्या मुदतवाढीवर चालले होते. पुढे हे काम यांच्याकडे राहणार की बड्या ठेकेदारांकडे जाणार, याची चर्चा वर्तमानपत्रांत रोज यायची. अनेक पुणेकर त्या वेळी या बायकांच्या बाजूने उभे राहिले. पण जिथे अनिश्चितता असते तिथे छोटे कंत्राटदार पटकन शिरतात. आमच्याकडे आलेला त्यांतलाच एक.

समितीची बाजू

सचिव वाईट माणूस नाही. बँकेतून निवृत्त झालेले, सोसायटीचे हिशेब पैशापैशापर्यंत चोख ठेवणारे. त्यांच्याकडे तक्रारींची वही होती आणि त्यातल्या तक्रारी खोट्या नव्हत्या. सी इमारतीच्या जिन्यावर ओल्या कचऱ्याचं पाणी ठिबकतं. पाहुणे येतात तेव्हा पार्किंगमध्ये गोण्या पसरलेल्या दिसतात. मे महिन्यात दोन दिवस कचरा उचलला गेला नाही. (मावशींच्या भावाचं कोविडने निधन झालं होतं. ते वहीत नव्हतं.)

ठिबकणाऱ्या पाण्याकडे मी नंतर नीट लक्ष दिलं. डाळतांदळाचं धुवण, चहाचा चोथा, आमटीचा उरलेला रस्सा, हे सगळं आम्ही न गाळता डब्यात टाकत होतो. आणि बादली लिफ्टमधून न्यायची त्यांना मनाई होती. लिफ्टच्या दारावर पाटी होती : ‘कचरेवाले, धोबी, डिलिव्हरी यांनी जिन्याचा वापर करावा.’ पाचव्या मजल्यावरून भरलेली बादली जिन्याने उतरवली तर पायऱ्यांवर थेंब पडणारच. त्या थेंबांना कारण आमचा डबा आणि आमची पाटी. तक्रार मात्र त्यांच्या नावावर लागत होती.

पार्किंगमध्ये पसरलेल्या गोण्यांचंही तेच. वर्गीकरणाला जागा कुठेच नव्हती. गाडीवर काढलं तर रस्ता अडतो, फाटकाबाहेर काढलं तर शेजारची सोसायटी ओरडते.

आणि पाणी. पार्किंगच्या कोपऱ्यात, रखवालदाराच्या खोलीजवळ एक नळ आहे. गाड्या धुणारी मुलं तो वापरतात. सकाळी नऊला ती गेली की रखवालदार नळाची चावी काढून खिशात ठेवायचा. ‘पाणी वाया जातं’ म्हणून समितीनेच तसं सांगितलं होतं. मावशींचं काम साडेनऊला उरकायचं. मग त्या घरून आणलेल्या लिटरभर बाटलीतल्या पाण्याने दोघींचे हात धुवायच्या आणि उरलेलं प्यायच्या.

आठ वर्षं मी या बाईच्या हातात डबा देत होते. दिवाळीत साडी देत होते, फराळ देत होते. ती हात कुठे धुते, हे मला जुलै २०२१पर्यंत माहीत नव्हतं.

ज्या शहरात जोतीराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्यांना खुला केला, तिथे आमच्या पार्किंगमधल्या नळाची चावी काढून ठेवली जात होती. बाबा आढावांनी १९७२ साली ‘एक गाव एक पाणवठा’ची मोहीम सुरू केली ती गावोगावच्या विहिरींसाठी. हे काम गावाकडचं, आपल्या दारचं नाही, असं मी मनात धरून बसले होते.

वीस सह्या

पहिली गोष्ट केली ती कागदाची. सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार एकपंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली तर विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी लागते. ९७चा पाचवा हिस्सा म्हणजे वीस सह्या. मी, डी इमारतीतली एक नर्स आणि तिच्या खालच्या मजल्यावरचा कॉलेजात शिकणारा मुलगा, असे तिघं दोन संध्याकाळी फिरलो. चोवीस सह्या मिळाल्या. मिळवणं अवघड गेलं नाही, हे सांगायला हवं. लॉकडाऊनच्या पहिल्या आठवड्यात, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, या दोघी मास्क लावून दारात उभ्या होत्या हे लोक विसरले नव्हते. विलगीकरणातल्या घरांसमोरचा कचराही त्यांनीच पाहिला होता.

नकारही मिळाले. एका काकांनी दार अर्धं उघडं ठेवून सांगितलं, ‘दया दाखवायची तर माझ्या खिशातून दाखवेन, सोसायटीच्या कशाला?’ मला त्या क्षणी उत्तर सुचलं नाही. खाली आल्यावर मावशींना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, ‘त्यास्नी सांगा, दया नको. आमचा माल आमाला द्या.’ प्रकरणाचं मर्म इतक्या थोडक्यात दुसऱ्या कुणी सांगितलं नाही.

मी तोवर ‘गरीब बायकांचा रोजगार’ या भाषेत बोलत होते. त्यानंतर ते सोडलं. घनकचरा व्यवस्थापनाचे तेव्हा लागू असलेले २०१६चे नियम काढून वाचले. त्यात ‘कचरावेचक’ या कामाची व्याख्याच आहे, त्यांना व्यवस्थेत सामावून घेण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली आहे, आणि ओला, सुका व घरगुती घातक असा तीन भागांत कचरा वेगळा करून देणं हे प्रत्येक घराचं कर्तव्य म्हटलं आहे. डायपर आणि पॅड वेगळे गुंडाळून द्यायचे हेही त्यातच. म्हणजे वहीतल्या तक्रारींकडे नियम हातात घेऊन पाहिलं तर कसूर बरीचशी आमची निघत होती.

ताडपत्री

जुलैच्या शेवटच्या रविवारी कंत्राटदाराचा टेम्पो ‘चाचणी’साठी आला. सभेची तारीख लागली होती, तरी आला. निळे टी-शर्ट घातलेली दोन मुलं. त्यांनी प्रत्येक इमारतीखाली एक मोठा ड्रम ठेवला, लोकांनी त्यात सगळं एकत्र ओतायचं होतं.

मावशी आणि सून त्या दिवशीही आल्या. त्यांनी गाडी अडवली नाही, घोषणा दिल्या नाहीत. मुलांशी एका शब्दाने भांडल्या नाहीत. ती मुलंही वस्तीतलीच, त्यांतल्या एकाची आई पंचायतीची सभासद निघाली. दोघींनी फाटकाच्या आत, सोडलेल्या जागेत ताडपत्री अंथरली आणि आदल्या दिवशीचा आमचाच सुका कचरा त्यावर उपडा केला. सकाळचे आठ वाजले होते, टेकडीवरून फिरून येणारी माणसं आत शिरत होती. आणि त्या नेहमीसारख्या निवडायला बसल्या.

मी शेजारी बसले. इतक्या जवळून कधीच पाहिलं नव्हतं. मावशींच्या उजव्या हातमोज्याची अंगठा आणि पहिलं बोट या दोन टोकांशी कात्री मारलेली होती. ‘नुसत्या मोज्यात काच कळत न्हाई. बोट लागलं की कळतं.’ त्या बोटाच्या पेरावर पांढऱ्या पडलेल्या जुन्या चिरा होत्या. हात थांबत नव्हता. पुठ्ठा डावीकडे, दुधाच्या पिशव्या उलट्या करून झटकून एका गोणीत, शाम्पूच्या बाटल्या एकीकडे, पाण्याच्या वेगळ्या, झाकणं काढून वेगळी. पत्र्याचा डबा तळहाताने दाबून चपटा. रद्दी कोरडी असेल तर वर, भिजलेली खाली. भिजलेल्याला भाव कमी.

आणि तिसरा ढीग. वेफर्सची चकचकीत पाकिटं, कुरिअरच्या पिशव्या, गोळ्यांची रिकामी पानं, थर्माकोल, तेलकट फॉइल, पावभाजीच्या पार्सलचा डबा. याला भंगारवाला हात लावत नाही. उचलायचं, वाहायचं, महापालिकेच्या गाडीत चढवायचं, सगळी मेहनत त्यांची आणि दाम शून्य. सगळं निवडून झालं तेव्हा तोच ढीग सर्वांत मोठा होता.

मध्येच एक काळी पिशवी सुटली. आत वापरलेले पॅड, कशातच न गुंडाळलेले, वर चहाचा चोथा. सुनेने मान वळवली नाही, चेहरा केला नाही. वर्तमानपत्राचा कपटा घेऊन ते उचलले, बाजूला ठेवले, मोजा झटकला आणि पुढचा पुठ्ठा घेतला. तेव्हा भोवती सातआठ जण थांबले होते. त्यात ज्यांच्या घरची ती पिशवी असेल तेही कदाचित असतील. कुणी बोललं नाही. नर्स घरात गेली, साबण आणि बादलीभर पाणी घेऊन आली आणि तिथेच ठेवलं.

नंतर एकदोघांनी याला ‘आंदोलन’ म्हटलं, तमाशा केला असंही म्हटलं. मी मावशींना विचारलं, असं कसं सुचलं? त्या म्हणाल्या, ‘सुचतंय काय त्यात? बसायला जागा कुठं हाय आमाला? रोज तिकडं रस्त्याला बसतो, आज हितं बसलो.’ मला ते पुरेपूर पटतं. कुणाला दुखावायचं नव्हतं, कुणाला लाजवायचंही नव्हतं. जे रोज फाटकाबाहेर चालतं ते एक दिवस आत झालं, एवढंच.

टेम्पो नऊला गेला. ड्रममधलं सगळं एकत्र मिसळलेलं, वरून पाऊस. मी त्या मुलाला विचारलं की हे कुठे जाणार. तो खरं बोलला : चांगलं असेल ते मालक काढून घेतो, बाकीचं असंच जातं.

सभा

सभा पार्किंगमध्ये झाली. प्लॅस्टिकच्या खुर्च्या अंतर सोडून मांडलेल्या, सगळे मास्कमध्ये. एकावन्न सभासद आले, आमच्याकडे वार्षिक सभेलाही एवढे येत नाहीत. मावशींना आणि सुनेला बोलवावं की नाही यावर पहिली पंधरा मिनिटं गेली. सभासद नसलेल्याला सभेत बसता येत नाही, हा आक्षेप नियमाला धरून होता. शेवटी अध्यक्षांनी त्यांना ‘निमंत्रित’ म्हणून बसवलं. खुर्ची पुढे केली तर मावशी बसेनात. दोनदा ‘राहू द्या’ म्हणाल्या. मग अध्यक्षांच्या पत्नी उठून म्हणाल्या, ‘अहो मावशी, बसा हो. तुम्ही उभ्या तर आम्ही कशा बसणार?’ तेव्हा टेकल्या, अगदी कडेला.

पैशांचा मुद्दा दहा मिनिटांत संपला. घरटी ३० रुपयांसाठी कुणी हट्ट धरला नाही. कॉलेजातल्या मुलाने प्रस्तावाचं दुसरं पान वाचून दाखवलं आणि विचारलं, की सुका कचरा आपण कुणाला देतो याची किंमत आपण कधी मोजली का. सचिव मोकळेपणाने म्हणाले, नाही. त्यांनी तिथेच प्रस्ताव मागे घेतला. मला वाटलं, जिंकलो.

खरी अडचण त्यानंतर सुरू झाली. सुनेने तीन गोष्टी मागितल्या, त्याही कागदावर लिहून आणलेल्या. बसायला आडोसा. लिफ्ट. आणि नळ. ‘कामाला ठेवताय तर हे पण द्या,’ एवढंच म्हणाली. काम चालू ठेवायला चुटकीसरशी तयार झालेली माणसं इथे अडखळली. लिफ्टमध्ये वास येईल. मुलं असतात. वयस्कर असतात. नळ दिला की गाड्या धुणारे, भाजीवाले, सगळेच येतील. एक बाई म्हणाल्या, ‘आम्ही तुम्हाला घरच्यासारखंच मानतो, पण...’ आणि वाक्य पुरं केलं नाही.

त्या दुपारचा माझा निष्कर्ष असा : पोटाच्या प्रश्नावर आमच्यासारख्या वस्तीत सहानुभूती लवकर मिळते. बरोबरीच्या प्रश्नावर मिळत नाही. साडी देणं सोपं, लिफ्टमध्ये शेजारी उभं राहणं अवघड. जातीचं नाव त्या सभेत कुणीही घेतलं नाही, आणि तरी ती सबंध वेळ तिथे हजर होती. मीही नाव घेतलं नाही. आज सभा असती तर घेतलं असतं.

तोडगा निघाला तो भाषणांनी नाही. नर्सने एक साधी गोष्ट सुचवली : झाकणाच्या बादल्या सोसायटीने घ्याव्यात, प्रत्येक घराने ओला कचरा गाळून द्यावा, आणि एक महिना लिफ्ट वापरून पाहावी. वास आला तर पुन्हा बसू. इस्पितळात तर कचरा, जेवण आणि पेशंट एकाच लिफ्टने जातात, झाकण लागतं इतकंच, असं ती म्हणाली. हात वर करून मतं घेतली. अठ्ठावीस विरुद्ध एकोणीस, चार जण गप्प.

करार

एक महिन्यानंतर वासाची तक्रार आली नाही. पाटी मात्र तशीच होती. ती कुणी काढायची यावर दोन आठवडे चालढकल झाली, आणि एका सकाळी ती नव्हती. स्क्रूची चार भोकं राहिली. कुणी काढली ते आजही कुणी सांगत नाही.

माझा आग्रह लेखी कराराचा होता. मावशींना तो सुरुवातीला नको होता. ‘साहेबांनी सांगितलंय ना, मग कागद कशाला? कागद केला की मानसं बदलत्यात.’ त्यांच्या अनुभवात कागद म्हणजे सही घेऊन फसवणं. सुनेने त्यांना समजावलं की नोटीस पण कागदच होती, आणि तेव्हा आपल्याकडे दाखवायला काही नव्हतं. शेवटी ऑक्टोबरमध्ये पंचायतीच्या कार्यकर्त्यांना बसवून दोन पानांचा मराठी करार झाला. शुल्क देखभाल खर्चाबरोबर सोसायटी गोळा करेल आणि सात तारखेच्या आत दोघींच्या खात्यात भरेल, दारोदार मागावं लागणार नाही. सुका कचरा पूर्ण त्यांचा. डी इमारतीच्या मागच्या जिन्याखालची जागा वर्गीकरणाला. लिफ्ट आणि नळ. पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून वर लाल ठिपका, फुटकी काच वेगळी आणि वर ‘काच’ असं लिहिलेलं. सुट्टी घ्यायची तर आदल्या दिवशी निरोप, आणि बदली माणूस त्याच पाठवणार. काढायचं झालं तर तीन महिन्यांची लेखी सूचना आणि सर्वसाधारण सभेचा ठराव. मुदत तीन वर्षं.

मावशींनी अंगठा दिला. सुनेने सही केली, पूर्ण नावाने, सावकाश.

स्वच्छतागृहाचं कलम करारात येऊ शकलं नाही. रखवालदाराच्या खोलीतलं एकच आहे, त्याला कुलूप असतं आणि किल्ली मागावी लागते. सकाळी साडेसात ते दहा या वेळात बाईमाणसाने पुरुषाकडे जाऊन किल्ली मागायची, याचा अर्थ सांगायला नको. दोघी अजूनही घरून निघताना पाणी कमी पितात. ही या प्रकरणातली सरळसरळ हार आहे, आणि ती माझीही आहे, कारण करार अडू नये म्हणून त्या कलमावर मी जोर लावला नाही.

नंतर

कचरा वेगळा करण्याचं प्रमाण वाढलं, पण आपोआप नाही. पहिले तीन महिने तो कॉलेजातला मुलगा दर शनिवारी दोघींबरोबर दारोदार गेला. ज्या घराचा कचरा मिसळलेला असे तिथे तो बेल वाजवून शांतपणे सांगायचा, डबा परत द्यायचा. बायकांनी डबा परत दिला असता तर भांडण झालं असतं, त्याने दिला म्हणून लोकांनी ऐकलं. हे चांगलं की वाईट, मला ठरवता येत नाही. काही घरं आजही ऐकत नाहीत. त्यांच्या पिशव्या सून ओळखते, पण नावं सांगत नाही.

२०२४मध्ये कराराचं नूतनीकरण झालं. या वेळी विरोध झाला नाही, चर्चाही झाली नाही, वार्षिक सभेत सातव्या क्रमांकाचा विषय म्हणून तो दोन मिनिटांत मंजूर झाला. मावशी आता गुडघ्यांमुळे रोज येत नाहीत. सुनेबरोबर तिची मावसबहीण येते.

आता कोथरूडमधल्या कितीतरी जुन्या सोसायट्यांप्रमाणे आमचीही पुनर्विकासाला निघाली आहे. बिल्डरच्या वास्तुरचनाकाराने नकाशे दाखवले. क्लब हाऊस आहे, गच्चीवर चालायचा मार्ग आहे, ओल्या कचऱ्याच्या खताचं यंत्र आहे. सुक्या कचऱ्यासाठी तळघरात ‘गार्बेज रूम’ आहे, सहा फूट बाय आठ. तिला खिडकी नाही, नळ नाही, पाणी जायला मोरी नाही. नर्सने आणि मी मिळून समितीला पत्र दिलं आहे : खोली तळमजल्यावर हवी, दोघींना बसून निवडता येईल एवढी, दहा बाय बारा तरी. उजेड, नळ, मोरी, आणि शेजारी बायकांसाठी आतून कडी लागणारं स्वच्छतागृह. पत्रासोबत सुनेने स्वतः काढलेला आराखडा जोडला आहे. कुठली गोणी कुठे, गाडी कुठून शिरेल, नळ कुठल्या भिंतीवर. नळ तिने दाराजवळ दाखवला आहे, आत येणाऱ्या कुणालाही हाताशी यावा असा.

पत्राला अजून उत्तर आलेलं नाही. पुढची सभा या महिन्याच्या शेवटच्या रविवारी आहे. सुनेला निमंत्रित म्हणून बोलवावं, असा अर्ज मी कालच सचिवांकडे दिला.